मालकी आणि वहिवाट

बाप्तिस्मा घेतला म्हणजे जुना स्वभाव सुटतो काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जितक्या गांभीर्याने चर्चिला गेला आहे, तितक्याच निकडीने तो बोईसरच्या एखाद्या चाळीतल्या खोलीत, पहिल्या पाळीवरून परतलेल्या आणि कालच्याच रविवारी साऱ्या मंडळीसमोर उभे राहून साक्ष दिलेल्या तरुणाला सोमवारी संध्याकाळी पडत असतो. फरक इतकाच, की ग्रंथकारांना उत्तरासाठी शतके मिळाली आणि या तरुणाला बहुधा पुढचा पगार होईपर्यंतचीच मुदत असते.

त्याची अपेक्षा साधी असते. जुना मनुष्य पाण्यात पुरला गेला आणि नवा मनुष्य वर आला, असे त्याला सांगितलेले असते आणि त्याने ते मनोभावे मानलेले असते. मग मुकादमाने चारचौघांत पाणउतारा केला की तीच जुनी शिवी ओठांवर येते, गुत्त्यावरून जाताना पाऊल तसेच रेंगाळते, शेजारच्या खोलीत नवे कपाट आले की तशीच पोटदुखी उठते. मंडळीतले वडीलधारे त्याला म्हणतात, ‘बाबा, हा देहस्वभाव आहे, प्रार्थना कर’. आणि जे तितके वडीलधारे नसतात ते आपसांत म्हणतात, ‘मागे पडला’. या दोन उद्गारांत जे अंतर आहे, त्याच्या मापनासाठी हे प्रकरण आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न विचारणारी माणसे एका साच्यातली नाहीत. दक्षिणेकडे वसईत सोळाव्या शतकापासूनचा जुना कॅथलिक समाज आहे. १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर मरण पत्करलेला आणि १८६२ मध्ये संतपदी चढविला गेलेला गोन्सालो गार्सिया हा त्यांच्यातलाच. पोर्तुगीज अंमल १७३९ मध्ये उठला. त्या वर्षाच्या जानेवारीत तारापूरचा किल्ला घेताना मराठ्यांचा बाजी भिवरावांसारखा मोहरा पडला, मे महिन्यात वसई पडली, आणि ज्या सत्तेबरोबर हा धर्म किनाऱ्याला लागला होता ती सत्ता गेल्यावरही धर्म मागे राहिला. उत्तरेकडे डहाणू, पालघर आणि वाडा या बाजूस ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या अमेरिकन पंथाने काम केले. त्यांची पहिली मंडळी १८९४ साली भारतात उतरली, वलसाडला स्थिरावली आणि तेथून ती खाली मराठी मुलखात आली. तलासरीच्या वारली पाड्यांत येशूसंघीय धर्मगुरू गेले. आणि या सर्वांवर कळस म्हणजे बोईसर-तारापूर: १९६९ मध्ये देशातले पहिले अणुविद्युत् केंद्र येथे सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि केरळ, तमिळनाडू, ओडिशा, झारखंड येथून आलेल्या कामगारांबरोबर त्यांच्या प्रार्थनाही आल्या. भाड्याच्या सभागृहात टाळ्यांच्या गजरात चालणारी उपास-प्रार्थना आणि वसईच्या चर्चमधली शांत मिस्सा यांच्यात बाह्यतः काहीच साम्य नाही. पोपचा अधिकार, मुलांचा बाप्तिस्मा, संतांची मध्यस्थी या बाबतींत या मंडळींचे एकमेकांशी पटणे कठीणच. मात्र एक दस्तऐवज सर्वांना मान्य आहे, आणि आपल्या तरुणाची फिर्याद त्यात शब्दशः नोंदलेली आहे.

तो दस्तऐवज म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेले पत्र. इ. स. ५७ च्या सुमारास ते करिंथ शहरातून लिहिले गेले असावे असे अभ्यासक मानतात. त्याच्या सातव्या अध्यायात हा विद्वान, करारी आणि स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयी एरवी पुरेशी खात्री बाळगणारा मनुष्य एकाएकी प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागतो, आणि जी कबुली देतो ती कोणाही धर्मसंस्थापकाच्या शिष्याने जाहीर पत्रात द्यावी अशी नाही: जे चांगले म्हणून मला पटते ते माझ्या हातून होत नाही, जे मला तिटकारा आणते तेच मी करून बसतो; माझ्या बुद्धीला ईश्वराचा कायदा प्रिय आहे, पण माझ्या अवयवांत दुसराच कायदा चालतो आणि तो मला कैद करून नेतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हेच त्याने अधिक थोडक्यात मांडले आहे: देह आत्म्याविरुद्ध आणि आत्मा देहाविरुद्ध उभा आहे.

येथे ‘देह’ म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे, हे समजून घेतले नाही तर पुढचे सर्व विपरीत होते. देहाची कर्मे म्हणून पौल जी यादी देतो तीत व्यभिचार आणि मद्यपान आहेत खरे, पण निम्म्याहून अधिक कलमे वैर, कलह, मत्सर, संताप, तट आणि फुटी यांची आहेत. आणि मत्सर करायला सुदृढ शरीर लागते असा कोणाचाच अनुभव नाही. अंथरुणाला खिळलेला म्हातारा या अर्थाने पुरता दैहिक असू शकतो, आणि रात्रपाळीला अंगमेहनत करून घामाने निथळणारा हमाल आत्मिक. ईश्वराला वगळून स्वतःच्याच भोवती फिरत राहण्याची मनुष्याची जी मूळ ओढ, तिला पौलाने हे नाव दिले. आपल्याकडच्या देहदंडवाद्यांना आणि त्यांच्या ख्रिस्ती भावंडांनाही, ज्यांत काट्यांचे पट्टे बांधणारे युरोपीय जोगी मोडतात, हा भेद नेहमीच ध्यानात राहिला असे नाही.

मात्र पौलाच्या मांडणीतली खरी अडचण पुढेच आहे. सहाव्या अध्यायात तो ठासून सांगतो की ख्रिस्ताबरोबर मेलेल्या माणसावर पापाची मालकी राहिली नाही, तो दास होता तो मुक्त झाला. आणि सातव्यात हाच मुक्त मनुष्य कैदेत असल्याचे सांगून आक्रोश करतो. दोन्ही विधाने एकाच लेखणीची, एकाच पत्रातली. हे कसे जुळावे?

या जिल्ह्याच्या इतिहासात त्याचा उलगडा पडून आहे असे मला वाटते. डहाणू-तलासरीचे वारली पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांच्या वेठीत होते. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली त्यांनी वेठ नाकारली आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरी परुळेकरांनी तो उठाव लिहून ठेवला. १९४८ चा कूळ कायदा आला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. कागदावर निकाल लागला. पण ज्याने महसुली दप्तर थोडेफार चाळले आहे त्याला ठाऊक असते की मालकी एका तारखेस फिरते आणि वहिवाट फिरायला आयुष्ये लागतात. जुना मालक दारात आला की नव्या मालकाची पाठ आपोआप वाकते, त्याने हाक मारली की हातचे काम टाकून धावण्याची सवय पायांत उरते, आणि पुष्कळदा आपल्या नावाचा उतारा आपल्याजवळ आहे हेच विसरून माणूस पुन्हा खंड मोजून देतो. पौलाचे सहावा आणि सातवा हे अध्याय याच दोन गोष्टी सांगतात. पापाची मालकी गेली, वहिवाट राहिली. आणि आत्म्याचे काम म्हणजे नवा हुकूमनामा आणणे नव्हे, तर झालेल्या हुकूमनाम्याची रोज, बांधाबांधावर, अंमलबजावणी करणे. आता जुन्या मालकाने पुन्हा पुन्हा दारात येणे हा मालकी न फिरल्याचा पुरावा धरायचा, की फिरल्याचा? ज्याची मालकी निर्वेध असते तो भांडायला येत नाही.

या सातव्या अध्यायातला ‘मी’ कोण, यावर चर्चमध्ये पंधरा-सोळाशे वर्षे वाद चालू आहे. ओरिजेन, क्रिसोस्तोम आदी ग्रीक आचार्यांना तो ख्रिस्ती नसलेला, केवळ नियमशास्त्राखाली दबलेला मनुष्य वाटला. उत्तर आफ्रिकेतला ऑगस्टीन आरंभी याच मताचा होता. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत, वासनेशी झगडून थकलेला असताना, त्याने रोमकरांस पत्राचे एक पान उघडले आणि त्याचे जीवन पालटले, ही हकीगत त्याच्या आत्मकथेमुळे जगप्रसिद्ध आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट नंतरची: बिशप झाल्यावर, म्हातारपणाकडे झुकल्यावर, मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो असे म्हणणाऱ्या पेलाजियसशी वाद करताना ऑगस्टीनने आपले मत बदलले आणि म्हटले की तो ‘मी’ खुद्द पौल आहे, बाप्तिस्मा पावलेला आणि प्रेषित झालेला पौल. वयाने त्याला जे शिकवले ते बागेने शिकवले नव्हते.

सोळाव्या शतकात यावरूनच घर फुटले. मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला संन्यासी. त्याने शिकवले की विश्वासी मनुष्य एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो आणि मरेपर्यंत तसाच असतो. त्यावर १५४६ च्या जूनमध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक पक्षाचा फैसला दिला: बाप्तिस्म्याने पाप खरोखर नाहीसे होते, मागे जी ओढ उरते ती पापापासून उपजते आणि पापाकडे खेचते, पण तिला संमती दिल्याशिवाय ती स्वतः पाप ठरत नाही, ती झुंजण्यासाठी ठेवली आहे. पुढे जॉन वेस्लीने, ज्याच्या हृदयाला २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना ऊब लागली, याच जन्मी प्रेमात परिपूर्ण होता येते अशी आशा धरली. आणि बोईसरच्या टाळ्यांच्या सभांत ‘पूर्ण विजय’ हा जो शब्द ऐकू येतो त्याची वंशावळ शोधत गेल्यास ती वेस्लीच्या दारात पोहोचते. मला स्वतःला या तीनपैकी ट्रेंटचे वर्गीकरण सर्वांत काटेकोर वाटते आणि ल्यूथरचे वर्णन सर्वांत खरे. वेस्लीची आशा सुंदर आहे, पण ती धरणाऱ्यांच्या घरच्या मंडळींची जबानी घेतल्याशिवाय तिच्यावर शिक्का मारू नये.

१९६३ मध्ये स्वीडिश पंडित क्रिस्टर स्टेंडाल याने एका निबंधात या साऱ्या वादाच्या मुळावरच घाव घातला. पौलाची सदसद्विवेकबुद्धी ठणठणीत होती, त्याला यहुदी व अयहुदी यांच्या एकोप्याची चिंता होती. स्वतःच्या अंतःकरणात डोकावून तळमळणारा पौल ही ऑगस्टीन आणि ल्यूथर यांची, म्हणजे पाश्चात्त्य मनाची, निर्मिती आहे, असा त्याचा सिद्धान्त. त्यात पौलापुरते तथ्य असेल. पण आत्मपरीक्षणाची तळमळ ही पश्चिमेची खास मिरास आहे, हा जो त्यातला ध्वनी, तो देहूच्या वाण्याची गाथा ज्याने उघडली आहे त्या कोणाही मराठी माणसाला हास्यास्पद वाटेल. सतराव्या शतकात, कोणाही मिशनऱ्याचा वारा न लागता, तुकोबांनी स्वतःचे दोष ज्या निर्दयपणे चव्हाट्यावर मांडले आणि मनाशी चाललेल्या अहोरात्र लढाईची जी बखर लिहिली, ती पाहता सातवा अध्याय या भूमीत उपरा ठरत नाही. गीतेत अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे: इच्छा नसताना, जणू कोणी बळाने जुंपावे तसा, मनुष्य पापाकडे का ओढला जातो? धर्म कळतो पण वळत नाही, ही कैफियत परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातली. आपल्या संस्कृतीने हा उद्गार खलनायकाला द्यावा आणि पौलाने तो स्वतःकडे घ्यावा, एवढा फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असे सांगत, ते उगाच नव्हे. आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय जे मोठे झाले तेही याच लढ्याच्या जबान्यांनी. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात १८५४ साली बेळगावी झालेल्या बाप्तिस्म्यापूर्वीची उलघाल आहे: पटले आहे, पण आईबापांचे तोंड समोर येते, परमहंस सभेत गुप्तपणे जायचे आणि घरी उघडपणे मूर्तीपुढे बसायचे. ही झुंज मोठी खरी, पण ती उंबरठ्याअलीकडची. आपला विषय उंबरठ्यापलीकडचा आहे, आणि त्याची साक्ष दोन बायकांनी दिली.

पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. एवढी कुशाग्र, एवढी स्वतंत्र वृत्तीची बाई. मतांचा निवाडा करून, शास्त्रे ताडून, मगच तिने तो घेतला. आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत तिने जे लिहिले ते वाचून आजही दचकायला होते: मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे हे असे चालले. त्या काळात ती स्वस्थ बसली नव्हती. अमेरिकाभर व्याख्याने दिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले, विधवांना आसरा दिला. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात उणे काढायला जागा नव्हती, आणि आत मात्र पापाचे ओझे जसेच्या तसे होते. त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त तिच्या हाती आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे दीक्षित पाद्री होते, आणि एके रविवारी स्वतःच व्यासपीठावर उभे राहून प्रवचन देत असता त्यांना उमगले की आपण लोकांना जे सांगतो ते आपल्या बाबतीत घडलेलेच नाही. प्रवचनकर्त्याचे मनःपरिवर्तन प्रवचनाच्या मध्येच झाले. रमाबाईंना त्या आरशात स्वतःचे रूप दिसले. १८९१ साली तिला जे गवसले त्याचे वर्णन ती करते ते असे: स्वतःच्या सुधारणेचा यत्न सोडून, आहे तशी, तिने स्वतःला ख्रिस्ताच्या पदरात टाकले. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जे जागरण झाले, ज्यात मुली रडत, ओरडत आपली पापे उघड करीत होत्या आणि ज्याचे नाव आजही पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आदराने घेतले जाते, त्याची बीजे या आठ वर्षांच्या कोरडीत आहेत. विद्वत्तेने मिळवलेला धर्म अपुरा पडतो असा याचा अर्थ नव्हे. याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत मुद्रिते तपासली.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची, आणि ती हसतखेळत दिलेली असल्यामुळे अधिक जिव्हारी लागते. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेली. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाला. ती स्वतः पाच वर्षांनी, १९०० साली झाली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येते की तिच्या बाबतीत बुद्धीने निकाल पुष्कळ आधी दिला होता: ईश्वराने माणसामाणसांत जातीचा भेद केला असता तर तो पशुपक्ष्यांतल्यासारखा डोळ्यांना दिसला असता, हे तिचे तिनेच ताडले. पण ज्याच्या हातचे खायचे नाही असे लहानपणापासून शिकवले, त्याच्या हातचा घास घशाखाली उतरायला वेगळी लढाई लढावी लागली. मन म्हणते ‘घे’ आणि जठर म्हणते ‘नको’. पौलाने अवयवांतला कायदा म्हटला तो हाच, याहून नेटके भाष्य मी तरी कोठे वाचलेले नाही. आणि टिळकांचा तापटपणा? तो बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला असे लक्ष्मीबाईंनी कोठेही लिहिलेले नाही. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती मंडळीने ज्यांची गीते तोंडपाठ केली त्या पुरुषाचा राग कसा भडके आणि कसा निवे, हे त्यांच्या पत्नीने प्रेमाने आणि काहीही न झाकता लिहिले. आणि त्यामुळे टिळकांची योग्यता तसूभरही कमी झाली नाही. संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक उशाशी ठेवावे.

ही लढाई एकट्याने लढण्याची नव्हे, म्हणून प्रत्येक पंथाने तिचा काही ना काही बंदोबस्त केला. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात राखेच्या बुधवारी, मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात आणि चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. त्यात धर्मगुरूजवळ पापांची कबुली देणे आले. कबुलीची रांग हा प्रकार बाहेरच्यांना विचित्र वाटतो, पण त्यात शहाणपण आहे: अस्पष्ट पश्चात्तापाला तेथे थारा नाही, पापाला नाव द्यावे लागते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने तर याची चक्क खतावणी घालून दिली. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधने’त एकच एक दोष निवडायचा, तो घडला की कोणाला न कळेल असा हात छातीवर ठेवायचा, आणि दुपारी व रात्री हिशेब घेऊन आखलेल्या ओळीवर तितके ठिपके द्यायचे, असा विधी आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन ओळी, आणि आजची ओळ कालच्याशी ताडून पाहायची. या पद्धतीने षड्रिपू निर्मूल होतात असा दावा इग्नेशियसने केला नाही. शत्रूची हालचाल टिपून ठेवणे एवढाच तिचा उद्देश.

ब्रदरन मंडळीची रीत मला या सर्वांत अधिक भावते, आणि ती पालघर-डहाणूबाहेर मराठी मुलखात फारशी कोणास ठाऊक नसल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. हा पंथ १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी आठ माणसांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन सुरू केला. त्यांचे प्रभुभोजन नुसते भाकरी आणि पेल्याचे नाही. त्याआधी आत्मपरीक्षण, मग पायधुणी, मग सर्वांनी मिळून साधे जेवण, ज्याला ते प्रेमभोजन म्हणतात, आणि शेवटी भाकरी व पेला. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रेमभोजनापूर्वी मंडळीचे सेवक घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारीत: विश्वासात आहेस ना, आणि मंडळीतल्या सर्वांशी तुझा सलोखा आहे ना? ज्याचा नसेल त्याने आधी तो करावा. मग त्या संध्याकाळी पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. कमरेला पंचा बांधलेला एकजण वाकतो, शेजाऱ्याचे पाऊल परातीत धरून धुतो, पुसतो, उठून त्याला आलिंगन देतो, आणि पंचा त्याच्या हाती देतो. आता त्याने पुढल्याचे धुवायचे. ज्याच्याशी बांधावरून तंटा चालू आहे त्याचे पाऊल हातात घेऊन तंटा चालू ठेवणे अवघड असते. मनुष्य आपल्या मनावर हुकूम सोडू शकत नाही, पण गुडघ्यांवर सोडू शकतो, आणि कधी कधी मन गुडघ्यांच्या मागून येते. या पंथाला हे मानसशास्त्र पुस्तकांशिवाय कळले होते. १९७० मध्ये या मंडळ्यांपैकी बऱ्याचशा ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाल्या.

नव्या मंडळ्यांचा बंदोबस्त निराळा: रात्रभराच्या प्रार्थना, उपास, जाहीर साक्ष. त्यांनी कित्येक घरांतली दारू बंद केली, हे त्यांच्या टीकाकारांनीही कबूल करावे. पण दोन धोके येथे दिसतात. एक, प्रत्येक दोष सैतानाच्या नावे मांडण्याची सवय: रागाचे भूत, आळसाचे भूत, कर्जाचेही भूत. पौलाने मोठ्या कष्टाने माझ्या आत म्हणून दाखवलेली गोष्ट अशा रीतीने पुन्हा बाहेर ढकलली जाते, आणि घरात बायकोवर हात उगारणारा नवरा भूत उतरवून घेऊन मोकळा होतो. माफी मागायची राहूनच जाते. दुसरा, साक्षीत नेहमी भूतकाळच असावा हा अलिखित नियम. ‘मी असा होतो, प्रभूने मला सोडवले’ येथवर ठीक; पण ‘मी अजून असा आहे’ असे बोलण्याची सोय ज्या सभेत नाही, तेथे सोमवारी संध्याकाळी खोलीत एकटा बसलेला तरुण पुढल्या रविवारी येतच नाही. तो मागे पडतो असे नव्हे. त्याला मागे टाकले जाते.

त्याला आणि त्याच्यासारख्या वाचकाला माझी एकच विनंती आहे. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचाल तेव्हा त्याच्या शेवटी थांबू नका. त्याच बैठकीत आठवा वाचा, ज्याच्या पहिल्याच वाक्यात दंडाज्ञा रद्द झाल्याचे लिहिले आहे. हे दोन अध्याय पौलाने वेगळे केलेले नाहीत. त्याचे पत्र सलग होते. बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्माधिकाऱ्याने पाडले.